रायबंदरच्या गच्चीवरून न दिसलेली होडी

डेमो होऊन आठ दिवस झाले, सगळे खूश आहेत, पण ती होडी काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

आमचं काम थोडक्यात सांगायचं तर टॉवरचा एकच सिग्नल, त्यातूनच मोबाईलला डेटा द्यायचा आणि तोच आपटून परत आला की त्यावरून समोर काय हलतंय ते ओळखायचं. आयटीयूने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने, 2023 मध्ये 6जीच्या आराखड्यात हे घेतलं आणि तेव्हापासून जो तो डेमो मागतो. आम्ही गोव्यातल्या रायबंदरला एका गच्चीवर 64-64 अँटेनांची दोन पॅनलं लावली होती, समोर मांडवी, चोडणची फेरीबोट येतेय जातेय. दोन पॅनलं कशाला म्हणाल, तर एकाच पॅनलने एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं म्हणजे स्वतःच्याच बोंबेत कान बंद. म्हणून एक पाठवणार, दुसरं ऐकणार, आणि दोघांना एकाच घड्याळाची केबल.

सकाळचे दोन तास कनेक्टर पुसण्यात गेले. गोव्यात आरएफचं, म्हणजे रेडिओ सिग्नलचं, निम्मं काम गंजाशी असतं, हे बंगळूरहून स्पेक पाठवणाऱ्यांना कोणी सांगावं! 3.5 गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, केबलमध्ये त्याहून कमी, त्यामुळे केबलच्या लांबीत पाच मिलिमीटरचा फरक पडला की फेज, म्हणजे लाटेच्या चढउताराची वेळ, तीसेक अंश सरकते, आणि एक अख्खा उभा रकाना असा बिघडला की बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, भलतीकडे बघायला लागतो. आमच्या डिचोलीच्या पोराने एकेक चॅनल मोजून कॅलिब्रेशन जमवलं, कौतुक मात्र स्लाइड बनवणाऱ्याचं झालं.

आता मुद्दा. 100 मेगाहर्ट्झ बँडविड्थ असली की अंतर दीड मीटरपर्यंत वेगळं काढता येतं, झकास. पण पॅनल आठ बाय आठचं, आडव्या रेषेत आठच अँटेना म्हणजे बीम बारा-तेरा अंशांचा, 300 मीटरवर तो 65 मीटर पसरतो. अंतरात सुरी आणि रुंदीत भोपळा! चौसष्टच्या चौसष्ट एका ओळीत लावूया असं मी आधीपासून सांगत होतो, पण तयार पॅनल स्वस्त पडतं ना.

त्यात चोडणच्या काठची खारफुटी. वाऱ्याने पानं हलतात, पाण्यावर लाटा, स्क्रीनवर गोवर आल्यासारखे ठिपके. पाहुणे अकराला येणार, सर म्हणाले, "हे साफ कर रे." मी सेकंदाला एक मीटरपेक्षा हळू हलणारं सगळं काढून टाकणारा फिल्टर लावला. एक आकडा बदलला, बस. नदी एकदम स्वच्छ, तिच्यात फक्त फेरीबोटीचा एक देखणा ठिपका.

पाहुण्यांनी त्याच सिग्नलवर व्हिडिओ कॉल केला, स्पीड किती ते विचारलं (हे कुठेही जा, स्पीडच विचारतात), ठिपका सरकताना बघितला, टाळ्या. मी कठड्यापाशी उभा होतो. भरती संपून ओहोटी लागायच्या मधली वेळ, पाणी थांबलेलं, आणि फेरीबोटीच्या वाटेवर एक पागी, म्हणजे मासेमार, होडीत उभा, हातात पागेर, म्हणजे फेकायचं जाळं. होडी जागच्या जागी. स्क्रीनवर तिथे काहीच नाही. जाळं फेकलं की क्षणभर काहीतरी उगवायचं, पण पाच फ्रेमपैकी तीनमध्ये दिसल्याशिवाय आमचा ट्रॅकर, म्हणजे ठिपक्यांचा माग ठेवणारा प्रोग्राम, कोणाला माणसात घेत नाही.

फेरीबोटीवरून कोणीतरी ओरडलं, "आरे, कुशीक सर!" म्हणजे बाजूला हो. त्याने शांतपणे वल्हं मारलं, बाजूला झाला. फेरीबोट बरीच लांब होती, धोका वगैरे काही नव्हता. पण मागे सर सांगत होते की उद्या बंदरात, नदीत टक्कर टाळायला हेच वापरता येईल, आणि मी ऐकून गप्प बसलो. सांगायला हवं होतं का? त्या वेळी तोंड उघडलं असतं तर सर काय म्हणाले असते ते माहीत होतं, म्हणून गप्प बसलो असं स्वतःला सांगतोय, पण फिल्टरचा आकडा तर मीच टाकलेला.

रात्री कच्चा डेटा पुन्हा चालवला. फिल्टर सेकंदाला 0.3 मीटरवर आणला, अर्ध्या सेकंदाचा डेटा एकत्र धरला की सेकंदाला दहा सेंटिमीटरचा फरकही कळतो, पण होडी काही मिळेना, ती जवळजवळ हलतच नव्हती. मग फिल्टर पूर्ण काढला, आणि ट्रॅकरची अट एका फ्रेमवर आणली. आला. 1.5 मीटरच्या एका कप्प्यात बारीकसा ठिपका, आणि जाळं फेकल्यावर त्याच्या बाजूला पुसट फराटा. डिचोलीच्या पोराला हाक मारली, म्हटलं बघ, हा तो.

त्याने स्क्रीनकडे बघितलं, तिथे खारफुटीचे, लाटांचे, खांबांचे, आणखी कशाकशाचे पन्नास ठिपके होते. म्हणाला, "ह्यातला कुठला?"

मी बोट ठेवलं खरं, पण मला तो सापडला कारण तो कुठे उभा होता हे मी सकाळी कठड्यावरून बघितलं होतं.