तेवीस मिलिमीटरवर

ऊसतोडीच्या फडावरून थेट आणलेल्या, सहाव्या महिन्यातल्या त्या बावीस वर्षांच्या बाईला आडवे होणेही शक्य नव्हते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या माइट्रल झडपेचे तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते; तिचे इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) ०.८ भरले आणि गरोदरपणात रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होत असल्याने आजवर निभावलेले दुखणे फुफ्फुसात पाणी होऊन बाहेर पडले होते. औषधांनी दम उतरल्यावर, अन्ननलिकेतून इको करून डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, गुठळी नसल्याची खात्री केली आणि ते आकसलेले तोंड नळीवरच्या फुग्याने रुंद करण्यासाठी, पोटाभोवती क्ष-किरणांपासून बचावाचे शिशाचे आवरण बांधून तिला कॅथ लॅबमध्ये घेतले.

फुगा फुगवणे हेच मोठे काम, असे बाहेरच्यांना वाटते. खरी कसोटी कर्णिकांमधला पडदा सुईने भेदताना असते, कारण सुई जरा पुढे सरकली तर महारोहिणीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला) भोक आणि जरा मागे गेली तर हृदयाभोवती रक्त. कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये प्रथम वापरलेला फुगा त्यामानाने शहाणा आहे : आधी त्याचे पुढचे टोक फुगते, ते झडपेखाली अडकवून मागे ओढायचे, मग मागचा भाग भरतो आणि शेवटी मधली कंबर सुटते, तेव्हा झडपेच्या पाकळ्यांचे चिकटलेले सांधे उकलतात.

उंची १५० सेंटीमीटर, म्हणजे उंचीवरून फुग्याचा व्यास ठरवण्याच्या ठोकताळ्याने २५ मिलिमीटरपर्यंत जाता आले असते. मी २२ वर सुरुवात केली आणि २३ वर एक सांधा उकलला. डाव्या कर्णिकेतला दाब निम्म्यावर आला, तोंड १.५ झाले, पण झडपेतून रक्ताची थोडी उलटी गळतीही दिसू लागली. दुसरा सांधा जाड होता. सहकारी २४ साठी आग्रही होता, "ही पुन्हा कशाला येतेय?" असे म्हणत, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तरीही पाकळी फाटली असती तर तातडीच्या शस्त्रक्रियेत बाळ वाचण्याची शक्यता फार कमी झाली असती, म्हणून मी फुगा काढून घेतला. बाळंतपण सुखरूप झाले. गळती तेवढीच आहे, पण तो न उकललेला सांधा माझ्या डोक्यातून जात नाही.

झडपेचे हे दुखणे बाराव्या वर्षी सांधे सुजून आलेल्या तापातले; तो ताप उलटून झडप आणखी बिघडू नये म्हणून तेव्हाच तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन सुरू झाले होते. पुढे रिॲक्शनच्या धास्तीने गावाजवळच्या केंद्राने ते टोचणेच बंद केले. आम्ही फुग्याचे कौतुक करून घेतो आणि त्या स्वस्त इंजेक्शनची जबाबदारी कोणीच घेत नाही, याचा मला संताप येतो. आता मी ते पुन्हा लिहून दिले आहे. मात्र हंगामात टोळीबरोबर निघाल्यावर ते तिला कोण टोचणार, याची कसलीही व्यवस्था आमच्याकडे नाही.