आउटबोर्डची नोंदवही, भाग ३: खालच्या आरपीएमला जीव नाही

मागच्या भागात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दोन्ही कार्ब (कार्बोरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारे) उघडून साफ केले, आता काम फत्ते. दुसऱ्याच दिवशी इंजिनाने तोंडावर पाडलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ४० हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब. न्यूट्रलला कुरकुरत चालतं. गिअर टाकला की थरथरतं आणि थ्रॉटल दिला नाही तर बंद. १००० ते २२०० पर्यंत बोट नुसती पाणी ढकलत राहते, उचल नाही. आणि २५००च्या आसपास कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखं एकदम सुटतं, ते थेट ५३००पर्यंत. वर सगळं ठणठणीत, त्यामुळे मेन जेट (जास्त आरपीएमला पेट्रोल सोडणारं कार्बमधलं छिद्र), प्रोपेलर, टाकीचा व्हेंट यांच्या वाटेला गेलो नाही. इंजिन आचके देत असताना प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी पंप) दाबून पाहिला, काडीचा फरक पडला नाही. म्हणजे फ्युएल पंपही संशयातून सुटला.

जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते या शनिवारी केलं. बोट धक्क्याला चार दोरांनी आवळून बांधली, गिअरमध्ये टाकली आणि एकेका सिलिंडरची ठिणगी तोडली. (वायर नुसती उपटून लोंबती ठेवू नका, तिचं अर्थिंग करा, नाहीतर इग्निशनच्या डब्याला धक्का बसतो.) वरची तोडली तर इंजिन जागीच मेलं. खालची तोडली, ढिम्म! खालचं सिलिंडर तिथे फक्त बसून प्रवास करत होतं. न्यूट्रलला लोड नसतो म्हणून एका सिलिंडरवरही रेटून नेतं आणि आपल्याला वाटतं चालू आहे. इंजिनाला पाण्याचा पाइप जोडून घरी, लोडशिवाय केलेल्या टेस्टिंगवर म्हणूनच माझा विश्वास उरलेला नाही.

खालचा प्लग ओला आणि काळा. इथे मी सपशेल फसलो होतो. ओला म्हणजे रिच (मिश्रणात पेट्रोल जास्त), असं धरून मागच्या आठवड्यात खालचा मिक्स्चर स्क्रू आत घेत घेत पाऊण फेऱ्यावर आणून ठेवला होता, आणि दर खेपेला जास्तच बिघडत होतं. प्लग ओला होता कारण तो पेटतच नव्हता. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, हे माहीत असून हा उद्योग केला, याची लाज वाटते.

मग अदलाबदल. प्लग वरचा खाली, खालचा वर. कॉइल तशीच. दोष खालीच. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वर ११८ पीएसआय, खाली ११५, म्हणजे पिस्टन आणि रिंगांवर बोट ठेवायला जागा नाही. शेवटी कार्बच अदलाबदल केले. दोन्हींची बॉडी एकच आहे, लिंकेजची (दोन्ही कार्ब थ्रॉटलला जोडणारी) पट्टी तेवढी इकडची तिकडे करावी लागली. तरी दोष खालीच! तीन वेळा साफ केलेला तो बिचारा कार्ब निर्दोष होता.

आता कार्ब आणि सिलिंडर यांच्या मध्ये उरतं काय? कव्हर काढून इंजिन आयडलला ठेवलं आणि पांढरा कागद आधी वरच्या कार्बच्या तोंडापुढे धरला. कोरडा. खालच्यापुढे धरला, तर दोन सेकंदांत त्यावर पेट्रोलचे बारीक ठिपके, थोड्या वेळात मधोमध ओला डाग. आत ओढलेलं मिश्रण परत बाहेर थुंकलं जात होतं. (हे उघड्यावर, वारा असताना करा आणि कागद लगेच लांब टाका.)

रविवारी मॅनिफोल्ड (कार्ब आणि इंजिन यांच्यामधला भाग) उतरवून खालचा रीड ब्लॉक, म्हणजे मिश्रण आत जाऊ देणारी पण परत बाहेर येऊ न देणारी पाकळ्यांची झडप, हातात घेतला. वरवर पाहता सगळं नीटच. अंधारात नेऊन मागून टॉर्च मारला तेव्हा एका फायबरच्या पाकळीच्या कोपऱ्यातून उजेडाची फट दिसली. पाकळीचा टवका उडालाय, करंगळीच्या नखाच्या टोकाएवढा. शेजारची पाकळीही जरा उचललेली. स्टीलची पाकळी असती तर तो तुकडा आत काय करून गेला असता, याचा विचार नको.

एवढीशी फट फक्त खालच्या आरपीएमलाच का छळते? पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं (पिस्टनखालच्या पोकळीतलं) मिश्रण दाबलं जातं आणि ते वर सिलिंडरमध्ये जायला हवं. आयडलला प्रत्येक फेऱ्याला भरपूर वेळ असतो, म्हणून ते फटीतून निवांत परत निसटतं. आरपीएम चढले की निसटायला सवडच मिळत नाही. २५००ला बसणारी ती लाथ म्हणजे खालचं सिलिंडर जागं होण्याचा क्षण.

दोन्ही ब्लॉकच्या पाकळ्या बदलल्या, नवं गास्केट टाकलं. जुनं खरवडताना पातं ॲल्युमिनियमवर घसरलं आणि एक ओरखडा आला. सीलिंगच्या जागेपासून थोडक्यात लांब, नशीब. मिक्स्चर स्क्रू हलकेच टेकवून दोन्ही दीड फेरा मागे. मग पाण्यात, गिअरमध्ये, एका वेळी अष्टमांश फेरा आणि प्रत्येक वेळी वीसेक सेकंद थांबून. लीन (पेट्रोल कमी) झालं की कार्बमधून शिंकतं, रिच झालं की लंगडतं. शिंक थांबते तिथून केसभर रिच बाजूला ठेवलं.

आता गिअरमध्ये ७०० ला शांत चालतं, आणि कुठलीही वायर तोडली तरी इंजिन तेवढंच खचतं. २५००ची लाथ गेली. १३००च्या आसपास झटकन थ्रॉटल दिला तर अजून एक हलका गचका येतो. कार्ब अदलाबदल करताना लिंकेज मीच हलवलंय, आणि खालच्या कार्बची फुलपाखरू-झडप (थ्रॉटलची फिरती चकती) वरच्यापेक्षा किंचित उशिरा उघडते हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पुढच्या रविवारी लिंक-सिंक, म्हणजे दोन्ही झडपा एकाच वेळी उघडतील अशी जुळवणी.