बेगोनियावरची भुरी

गणपतीनंतरच्या आठवड्यात बाल्कनीतल्या बेगोनियावर पांढरे ठिपके दिसले. शेजारी टाइल्सचं काम चाललंय, त्याची धूळ असेल म्हणून मी बोटाने पुसले. गेले! चार दिवसांनी तेच ठिपके रुपयाएवढे होऊन परत हजर. सासूबाई नाशिककडच्या, माहेरी द्राक्षबाग. चष्मा वर करून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर भुरी." म्हणजे पानांवर पांढऱ्या पिठासारखी पसरणारी बुरशी.

मी आधी पाणीच तोडलं. बुरशी म्हणजे ओल, हे डोक्यात पक्कं. पण भुरीला पान ओलं लागतच नाही. दमट, कोंदट हवा आणि खेटून ठेवलेल्या कुंड्या एवढं तिला पुरतं. माझ्या एका स्टँडवर नऊ कुंड्या. (हौस!)

मग रोगट पानं कापून कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये नाही. कुंड्या वीतभर लांब सरकवल्या. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी ऊन चढायच्या आत फवारलं, पानांच्या खालूनही. आधी एकाच पानावर मारून बघायचं, हे शहाणपण मात्र उशिरा आलं. त्यात आदल्याच आठवड्यात मी उतावीळपणे नीमतेल मारलं होतं. नीमतेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. रेक्स जातीच्या बेगोनियाची तीन पानं कडेने जळाली, तेव्हा कळलं.

जुने डाग तपकिरी होऊन राहिलेत, ते जात नाहीत. पण आज रेक्सच्या मधोमध एक नवं पान उलगडतंय, लालसर, केसाळ, करंगळीच्या नखाएवढं. सकाळपासून तीनदा भिंग घेऊन पाहिलंय.