तुम्ही विचारलंत म्हणून: १२३४५६७८९८७६५४३२१

‘अंकांची अशी जुळणी म्हणजे नुसती गंमत ना? त्यात खरं गणित कुठे आहे?’ गणित शिकवणाऱ्याला हा प्रश्न नेहमी येतो. मलाही येतो, आणि उत्तरादाखल मी एकच संख्या पुढे करतो: १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंकी. उलटसुलट कशीही वाचा, तीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या स्थानांच्या नावांनी वाचायची तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी अशी सुरुवात होते, मला ती तशी मोठ्याने वाचायला फार आवडते. शिवाय ती पूर्ण वर्ग आहे: नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा.

का, ते वहीवर दिसतं. १११ गुणिले १११ मांडा. १११ तीनदा लिहायचे, दर ओळीला एक घर डावीकडे सरकत. आता उभी बेरीज करा: उजवीकडून एक, दोन, तीन, पुन्हा दोन, एक. झाले १२३२१. नऊ एक घेतले तर मधल्या घरात नऊ एक जमतात, आणि हातचा कुठेच येत नाही. सगळी मेख इथेच आहे. दहावा एक जोडलात की हातचा आलाच. वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१, आणि डौल गेला.

देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी या घराण्याला मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेमलो स्टेशनचं नाव दिलं. हर्षद संख्याही त्यांच्याच: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला की ती हर्षद. आपल्या संख्येची अंकबेरीज ८१. भाग जातो का? जातो, आणि तो योगायोग नाही. हातचा नसेल तेव्हा गुणाकाराची अंकबेरीज म्हणजे दोन्ही संख्यांच्या अंकबेरजांचा गुणाकार; म्हणून ९ × ९ = ८१. दुसरीकडे, १११११११११ ला ९ ने भाग जातो (उत्तर १२३४५६७९, मधला ८ गायब), म्हणजे तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

तिच्या सगळ्या भावंडांना हे जमत नाही. १२१ ची अंकबेरीज ४, भाग जात नाही. १२३४३२१ ची १६, आणि संख्या तर विषम. एकापासून नऊ एकांपर्यंत तिघीच पास होतात: १, १२३२१ आणि ही.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे. अंक म्हणजे संख्येने घातलेले दशमान पद्धतीचे कपडे. तिचे खरे गुण तिच्या मूळ अवयवांत: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. पद्धत बदला, अवयव बदलत नाहीत. कबूल.

पण मग पद्धत बदलूनच बघू या. अष्टमान पद्धतीत, म्हणजे जिथे घरं दहाच्या नव्हे तर आठाच्या घातांची असतात तिथे, सात एकांचा वर्ग करा: १२३४५६७६५४३२१. अंकबेरीज ४९, आणि भाग जातो! ८ ला ७ ने भागलं की बाकी १ उरते, ८ च्या प्रत्येक घाताचीही १ च. सात घरांच्या सात बाक्या मिळून ७, म्हणजे सात एकांच्या संख्येला ७ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ४९ ने. सोळाच्या पद्धतीत पंधरा एक घ्या, हाच युक्तिवाद जसाच्या तसा चालतो. पद्धतीचा पाया (दहा, आठ, सोळा) कोणताही असो, त्याहून एक कमी इतके एक मांडून वर्ग केला की त्या पद्धतीतली हर्षद संख्या मिळते. विधान अंकांच्या मांडणीबद्दलच आहे, आणि त्याची पूर्ण सिद्धता तुम्ही आत्ताच वाचलीत.