जुनी मोटारसायकल घरी आणल्यावर
गेल्या महिन्यात घेतलेल्या जुन्या मोटारसायकलच्या मागच्या टायरची नक्षी इतकी ठसठशीत होती की तो नवाच वाटला. परंतु त्याच्या बाजूवरचे २३१६ हे आकडे, म्हणजे टायर बनल्याचा २०१६ सालचा तेविसावा आठवडा, वाचल्यावर आणि रबराच्या बारीक भेगा दिसल्यावर तो त्याच दिवशी बदलला. इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल, आधीच्या मालकाने काहीही सांगितले तरी, नवेच भरावे. चाक फिरवत चेन बोटाने वर-खाली करून पाहिली, तर ती एके ठिकाणी ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी सैल लागली. अशी असमान झिजलेली चेन ताणून उपयोग नसतो, म्हणून दोन्ही स्प्रॉकेटसह, म्हणजे ती ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांसह, ती बदलावी लागली. चासी क्रमांक मात्र पैसे देण्यापूर्वीच आरसीशी पडताळला होता.