कुकरला मत देऊ व्हय?

कोल्हापुरात कुणालाबी विचारा, छातीठोकपणे सांगणार ‘आम्ही पक्षाचे’. पण खरं बघितलं तर इथं पक्ष नावाला, चालतो तो गट. २०१९ ची लोकसभा आठवा की, आघाडीचे उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक, आणि काँग्रेसचे सतेज पाटील ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांच्या मागं, आणि मंडलिक निवडून पण आले. २०२४ ला त्याच मंडलिकांच्या विरोधात पाटील काँग्रेसचे उमेदवार शाहू महाराजांचा प्रचार करत होते, महाडिक तोवर भाजपचे राज्यसभा खासदार झालेले. नेत्यांना हे सगळं चालतं. मतदारानं जरा इकडंतिकडं केलं की तो गद्दार!

आमचे काका जन्मभर हातवाले. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या मधुरिमाराजेंनी शेवटच्या दिवशी अर्ज मागं घेतला आणि मशीनवरनं हातच गायब. मग काँग्रेसनं पाठिंबा दिला अपक्ष राजेश लाटकरांना, चिन्ह प्रेशर कुकर. काका चिडले, "कुकरला मत देऊ व्हय आता?" म्हटलं काका, निदान आता तरी उमेदवार कोण हाय ते बघूया, सगळ्यांची ॲफिडेव्हिट वाचूया. तर म्हणाले, "लेका, एकटा आमदार काय करतोय, तिथं मत तर पक्षाच्या व्हिपवर, म्हंजे आदेशावर, पडतंय."

हे मात्र बिनतोड. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते, त्यामुळं पक्ष बघून मत देणारा अडाणी असतो असं मी म्हणणार नाही. पण मग पक्षाची कामगिरी तरी बघा ना! आणि २०१९ ला धनुष्यबाणाला ज्यांनी मत दिलं त्यांचं काय, २०२२ ला पक्ष फुटला, फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं बाण शिंदेंना दिला, घरात दोन भाऊ असतील तर एक ठाकरेंचा मशालवाला नि एक शिंदेंचा बाणवाला, आणि दोघंबी म्हणणार मीच निष्ठावंत.

ॲफिडेव्हिट म्हणजे काय लय अवघड भानगड नाही. २००२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर हे सुरू झालं, उमेदवारावर कुठल्या कलमाखाली केस आहे, नवराबायकोच्या नावावर काय काय आहे, कर्ज किती, शिक्षण काय, सगळं फॉर्म २६ मध्ये असतं आणि आयोगाच्या साइटवर फुकट मिळतं. त्यात काय नसतं तर पाच वर्षांत सभागृहात तोंड किती वेळा उघडलं ते, ते वेगळं शोधावं लागतं आणि खरा कंटाळा तिथंच येतो (मलापण).

तर मी प्रिंट काढून आणल्या. काकांनी केसेसचं पान उलटून आधी कुणाची शेती किती आणि कुठल्या गावात ते बघितलं, त्यावर तासभर चर्चा केली. मत कुकरलाच दिलं, गटातनं फोन आला होता. प्रिंट मात्र परत दिल्या नाहीत, तालमीत फिरतायत म्हणे.