उसाची ट्रॉली आणि विडीची रांग

२०११ च्या स्कूल बस नियमावलीप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचे निरीक्षक. आमच्याकडेही आहे आणि तिची कागदपत्रं माझ्या गळ्यात. बसमध्ये अग्निशामक आहे का, प्रथमोपचार पेटी आहे का, हे दरवेळी भरायचं. आमच्या शाळेला बसच नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांची घरकुल वसाहत आहे, तिथली आमची पोरं पायी येतात, उरलेली रिक्षात कोंबून.

पालकसभेला आया येत नाहीत अशी तक्रार सगळे करतात. येतील कशा? त्या घरी विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांवर. तासभर शाळेत बसलं की तेवढ्या विड्या गेल्या. म्हणून उसाचा हंगाम सुरू झाल्यावर एका सकाळी मीच विडी कारखान्याच्या शाखेत गेले. तिथं वळलेला माल द्यायला बायकांची रांग असते. विड्या तपासणारा कारकून एकेक कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, बोटांनी फिरवून बघतो, नापसंत विडी छाट म्हणून बाजूला टाकतो, आणि समोरची बाई त्याच्या बोटांवरची नजर काढत नाही. बोलणं सगळं तेलुगूत. माझं तेलुगू ‘रा, कूर्चो’च्या पुढं जात नाही, पण अर्धं मराठीत निभावलं.

मी रस्त्याचा नकाशा काढून नेला होता. झेब्रा पट्टे कुठं मागायचे ते विचारायचं होतं. एका अक्कांनी तो नीट पाहिला आणि परत दिला.

“बाई, पोरं रस्ता नीट ओलांडतेत की. ऊस ओढताना जाईल एखादं.”

मग सगळ्याच सांगू लागल्या. वळणावर ट्रॅक्टर हळू होतो, पोरं मागून धावतात. मोठी पोरं दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत शिरतात, कारण तिथला ऊस सैल लोंबत असतो. हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

तशीच वळणावरच्या चहाच्या हॉटेलात गेले. मंगळवेढ्याकडचा एक चालक बशीत चहा ओतत म्हणाला, “मॅडम, आमाला मागची ट्रॉलीच दिसत नाही, पोरगं कुठलं दिसणार? अन् थांबलो तर अजून धा जण चढत्यात.” त्यात ट्रॅक्टरवर टेपची गाणी मोठ्यानं. त्याबद्दल मी बोलले, तो हसला.

तोडगा हॉटेलवाल्या मामांनी काढला. येणाऱ्या प्रत्येक गाडीनं दोन ऊस हॉटेलासमोर टाकायचे, मामा त्याच्या कांड्या करून ठेवणार, पोरांनी त्या तिथूनच घ्यायच्या. समितीतल्या एका साहेबांना हे पटलं नाही. पोरांना सवय लागेल म्हणाले. सवय तर आधीच लागलेली होती, आम्ही फक्त तिची जागा हलवली.

दुसरं काम पायी येणाऱ्या पोरांना सोबत देण्याचं, ते वेळेनं सोपं केलं. २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवायचे नाहीत. त्यामुळं शाळेची आणि शाखेची वेळ जवळपास आली. माल द्यायला निघालेल्या दोघीतिघी आपापल्या गल्लीतली पोरं घेऊन निघतात, शाळेपाशी सोडतात आणि पुढं शाखेत जातात. अडचण रांगेची होती: पोरं पोचवून येईपर्यंत नंबर मागं जायचा. कारकुनाला विचारलं तर आधी नियम सांगितला, मग पोरं आणणाऱ्या बाईचा कट्टा आधी बघायला लागला. हे कुठंही लिहिलेलं नाही. तो बदलून गेला तर नव्या माणसाशी पुन्हा बोलावं लागेल.

आरटीओच्या निरीक्षकांनी वळणावर उभं राहून ट्रॉल्यांना मागून रेडियमच्या पट्ट्या लावल्या. फटीत शिरणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, पण धुक्यात येणाऱ्या मोटारसायकलींना आहे.

रिक्षाचं मात्र जमलेलं नाही. चालक म्हणतो पोरं कमी केली तर भाडं वाढवा, आया म्हणतात वाढीव भाडं कुठून आणायचं, आणि दोघांचंही खरं आहे. ऊसतोडीचे चालक दर हंगामाला बदलतात, तेव्हा मामांच्या हॉटेलात पुन्हा जाऊन बसायचं आहे. रिक्षावाल्याला तिथंच बोलावलंय.